अगदी घरच्यासारखं!

बिनसाखरेची गोडी ज्या मंडळींनी जगाला मिळवून दिली, त्यांतल्या एकालाही मी आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत पाच मिनिटं उभं राहू दिलं नसतं.

सॅकरिनचंच घ्या. १८७९ साल, अमेरिकेतलं बाल्टिमोर शहर, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ. कॉन्स्टंटिन फालबर्ग नावाचे गृहस्थ दिवसभर डांबरातून निघणाऱ्या रसायनांशी झटापट करून संध्याकाळी घरी जेवायला बसले. पाव गोड लागला. नॅपकिनने तोंड पुसलं, तर नॅपकिन गोड. शेवटी स्वतःचा अंगठा चाखला, तो सगळ्यात गोड. आपण हात न धुता पानावर बसलो, हे तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं. तुमच्या-आमच्या घरातला माणूस असता तर साबणाकडे धावला असता. फालबर्ग धावले ते थेट प्रयोगशाळेकडे, आणि टेबलावर दिसेल त्या भांड्यातलं रसायन त्यांनी जिभेवर ठेवून पाहिलं. एकात गोडी सापडली. बाकीच्या भांड्यांत काय होतं देव जाणे. यमदूत त्या दिवशी किरकोळ रजेवर असावेत.

पुढचा नंबर मायकेल स्वेडा यांचा. १९३७ साली इलिनॉय विद्यापीठात हे तापावरचं औषध तयार करत होते आणि करता करता सिगारेट ओढत होते. सिगारेट टेबलावर टेकवली, परत ओठात धरली, गोड लागली. सायक्लामेट सापडलं. १९६५ साली जेम्स श्लॅटर अल्सरवरच्या औषधाच्या मागे होते. कागद उचलायला बोट जिभेला लावलं आणि ॲस्पार्टेम जन्माला आलं. चौथे तर आडनावावरून आपलेच : शशिकांत फडणीस. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात ते साखरेच्या रेणूवर क्लोरीन चढवत होते. प्राध्यापक लेस्ली हफ यांनी त्यांना त्यातलं एक संयुग ‘टेस्ट’ करायला सांगितलं. हफसाहेबांना म्हणायचं होतं तपासून बघ. फडणीसांनी ऐकलं चाखून बघ. ज्या माणसाला लहानपणापासून आमटी ‘टेस्ट’ करायला बोलावलं गेलं असेल त्याने दुसरं काय ऐकायचं? साखरेच्या सहाशे पट गोड असलेलं सुक्रालोज असं मिळालं. मधुमेही माणसाच्या चहात पडणारी ती बारीकशी गोळी म्हणजे प्रयोगशाळेच्या नियमभंगाचं पेटंट घेतलेलं रूप आहे.

आता या चौघांनी काही वाघाच्या जबड्यात हात घातला नव्हता. कुणी जेवत होता, कुणी सिगारेट ओढत होता, कुणी कागद उचलत होता. सगळे घरी वागतो तसे वागले, इतकंच. आणि प्रयोगशाळेतल्या अपघातांबद्दल माझा सगळा राग या एकाच गोष्टीवर आहे. ॲसिडवर नाही, सिलिंडरवर नाही. घरपणावर.

अपघात करायला थोडा अनुभव लागतो. पहिल्या वर्षाच्या पोरापोरींकडून फार तर परीक्षानळ्या फुटतात. ती मुलं सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडची बाटलीसुद्धा दोन हातांनी, श्वास रोखून, देवघरातून समई हलवावी तशी हलवतात. खरी भीती असते ती पंधरा-वीस वर्षं त्याच खोलीत काढलेल्यांची. त्यांना प्रयोगशाळा माहेरासारखी वाटू लागलेली असते आणि माहेरी कुणी गॉगल घालून वावरत नाही.

आमच्या विभागात एक मामा होते. प्रत्येक कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक मामा असतातच. प्राचार्य बदलतात, अभ्यासक्रम बदलतो, मामा राहतात. दुपारची बॅच सुटली की मामा त्रिपादावर जाळी ठेवायचे, खाली बन्सनचा बर्नर लावायचे आणि वर अर्ध्या लिटरच्या बीकरात चहाचं आधण. गॅस कॉलेजचा, साखर मामांची, दूध आमच्या वर्गणीतलं. चहाचा बीकर वेगळा होता, त्याबद्दल मामा फार काटेकोर. त्यावर त्यांनी ऑइलपेंटने ‘चहा’ असं रंगवून घेतलं होतं. शेजारच्या बीकरांवर मात्र काही लिहिलेलं नसे, हा तपशील कुणाला खटकला नाही. आलं ठेचायचा खल मात्र विभागाचाच. त्याच खलात सकाळच्या बॅचने परीक्षेचं ‘अज्ञात सॉल्ट’ कुटलेलं असायचं. “मामांच्या चहाची चव घरच्या चहाला येत नाही,” असं आमचे विभागप्रमुख डोळे मिटून म्हणत. बरोबरच आहे. घरी बेरियम कोण ठेवतं?

मी एकदा विषय काढून पाहिला. मामा म्हणाले, “सर, तेवीस वर्षं पितोय. झालं काय काही?” याला रसायनशास्त्रात उत्तर नाही. संख्याशास्त्रात आहे, पण ते मामांना पटण्यातलं नव्हतं.

फ्रिजचं प्रकरण तर त्याहून खोल आहे. प्रयोगशाळेच्या फ्रिजवर ‘खाद्यपदार्थ ठेवू नयेत’ असा कागद चिकटवलेला असतो. दार उघडलं की समोर श्रीखंडाचा डबा. आपण मनातल्या मनात कुणाला तरी शिव्या घालत झाकण उघडावं, तर आत श्रीखंड नसतंच, बुरशी वाढवायला ठेवलेला आगर असतो. म्हणजे नियम पाळला गेला. तिसऱ्या कप्प्यावर आइस्क्रीमचा डबा, त्यात स्टार्चचं द्रावण. दारात मिनरल वॉटरची बाटली, तिच्यात जे काही रंगहीन आहे ते पाणी आहे असं समजणारा माणूस आजवर निघाला नाही ही ईश्वरी कृपा. आपल्याकडे कोणताही डबा टाकून देणं पाप असल्यामुळे रसायनांना नेहमी खाद्यपदार्थांच्याच घरात भाड्याने राहावं लागतं.

त्यातून तो फ्रिजही घरगुतीच. कुणाच्या तरी बजेटमध्ये राहिलेल्या पैशांतून घेतलेला. घरच्या फ्रिजमधल्या थर्मोस्टॅटमध्ये चालू-बंद होताना बारीकशी ठिणगी पडते. भेंडी-टोमॅटोला तिचं काही वाटत नाही. ईथरला वाटतं. ईथर हा असा चंचल द्रव आहे की उणे ४५ अंशांनाही तो पेट घेण्याइतकी वाफ सोडतो. बाटलीचं बूच जरा सैल राहिलं की बंद फ्रिजात वाफ साठते, मध्यरात्री थर्मोस्टॅट ‘टक’ करतो, आणि सकाळी फ्रिजचं दार समोरच्या भिंतीपाशी सापडतं. म्हणून ज्वालाग्राही द्रवांसाठी आतल्या बाजूला एकही ठिणगी पडणार नाही असे वेगळे फ्रिज बनवतात. त्यांची किंमत ऐकून आमच्या खरेदी समितीने विचारलं होतं, “यात बर्फ जास्त होतो का?”

तोंडाचा आणि प्रयोगशाळेचा संबंध मात्र केवळ चहापुरता नाही. आमच्या पिढीने पिपेट तोंडानेच ओढली. रबरी बल्ब कपाटात होते. त्यांचं प्लास्टिक फाडलं तर डेड स्टॉकच्या तपासणीत खुलासा द्यावा लागेल, म्हणून ते तसेच होते. ऑक्झॅलिक ॲसिड आंबट लागतं हे मला पुस्तकातून कळलं. माझ्या कित्येक विद्यार्थ्यांना ते प्रत्यक्ष कळलं. दहा मिलिलिटरच्या खुणेपर्यंत द्रावण अलगद चढवून जीभ लावून थांबवायचं, हे जमलं की मुलं खूश होत. पण द्रावण संपत आलं आणि पिपेटचं टोक उघडं पडलं की हवेबरोबर उरलेलं सगळं सर्रकन घशाशी. मग तो विद्यार्थी बेसिनपाशी जाऊन थुंकत बसायचा आणि परत येऊन रीडिंग मात्र शेजाऱ्याचं उतरवायचा.

या बाबतीत आमचे पूर्वज फारच थोर. स्वीडनचा कार्ल शेल हा अठराव्या शतकातला असामान्य रसायनज्ञ. ऑक्सिजन, क्लोरीन, टंगस्टनचं आम्ल, लिंबातलं, चिंचेतलं, दुधातलं आम्ल, किती म्हणून सांगावं. नवीन पदार्थ हाती आला की त्याचा रंग, वास आणि चव नोंदवायची, ही त्याची शिस्त. प्रुसिक ॲसिड म्हणजे हायड्रोजन सायनाइड. त्याच्याही वासाची आणि चवीची नोंद शेलने करून ठेवली आहे. असं वर्णन करणाऱ्याला दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त्या करायची संधी सहसा मिळत नाही, पण शेलला मिळाली असती; तो त्यातून वाचला. १७८६ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी तो गेला. पारा, आर्सेनिक आणि बाकीची पंगत आयुष्यभर पोटात जात राहिल्याचा तो परिणाम, असं मानतात.

हात हा दुसरा घरभेदी. सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण दिसायला पाण्यासारखं. बोटावर सांडलं तर काहीच होत नाही. मुलं म्हणतात, काही नाही सर, पाणीच आहे. ऊन लागल्यावर खरा रंग उमटतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बोटं काळी होतात ती साबण, लिंबू, रॉकेल कशाला म्हणून दाद देत नाहीत. मतदानाच्या वेळी बोटाला लावतात त्या म्हैसूरच्या शाईतली करामत याच सिल्व्हर नायट्रेटची. कातडीचा तो थर झडून नवा येईपर्यंत वाट बघायची, दुसरा उपाय नाही. आमच्या एका विद्यार्थिनीने साखरपुड्याच्या आदल्या दिवशी नेमकं हे टायट्रेशन केलं. अंगठी घालताना नवऱ्या मुलाच्या आत्याबाईंनी विचारलं, “कुठे निवडणूक होती का गं?” मुलीची आई म्हणाली, “हो, कॉलेजची.” लग्न नीट झालं. पोरगी आता स्वतः रसायनशास्त्र शिकवते आणि ग्लोव्हजशिवाय सिल्व्हर नायट्रेटच्या कपाटाचं कुलूपही उघडत नाही.

हात पोळल्यावर ते पुसायचे कुठे, तर कपड्याला. घरी तेच करतो ना आपण. फालबर्ग ज्यांच्या प्रयोगशाळेत काम करत होते ते आयरा रेम्सन, पुढे सॅकरिनच्या श्रेयावरून फालबर्गशी ज्यांचं कायमचं फाटलं ते, यांची तरुणपणची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. एका डॉक्टरकडे उमेदवारी करताना त्यांनी पुस्तकात वाचलं की नायट्रिक ॲसिडची तांब्यावर क्रिया होते. ‘क्रिया होते’ म्हणजे नेमकं काय होतं, हे काही त्यात नव्हतं. खिशात तांब्याचं नाणं होतं, कपाटात ॲसिड होतं, डॉक्टर बाहेर गेले होते. नाण्यावर ॲसिड ओतलं. हिरवानिळा फेस, तांबूस धूर, खोलीभर घुसमट. घाबरून त्यांनी ते नाणं चिमटीत उचलून खिडकीबाहेर फेकलं, तेव्हा नायट्रिक ॲसिडची बोटांवरही क्रिया होते हे कळलं. बोटं विजारीला पुसली, तेव्हा विजारीवरही होते हे कळलं. एका प्रयोगात तीन निष्कर्ष! आमच्याकडे यावर तीन शोधनिबंध काढले असते.

कपड्यांच्या बाबतीत अमर झालेले दुसरे गृहस्थ म्हणजे बाझेलचे ख्रिश्चन शोनबाइन. बायको बाहेर गेलेली असताना ते स्वयंपाकघरात प्रयोग करत, अशी कथा आहे. १८४५ साली असंच नायट्रिक आणि सल्फ्युरिक ॲसिडचं मिश्रण ओट्यावर सांडलं. हाताशी बायकोचा सुती ॲप्रन होता, त्याने पुसून घेतलं. मग पुरावा नष्ट करावा या सद्हेतूने तो ॲप्रन धुऊन शेगडीसमोर वाळत घातला. वाळला आणि भुर्रकन पेटून नाहीसा झाला. धूरसुद्धा नाही. कापसातल्या सेल्युलोजचं नायट्रोसेल्युलोज झालं होतं, म्हणजे गनकॉटन. तोफांच्या दारूची पुढची पिढी एका स्वयंपाकघरात जन्मली. आता बायकोला काय सांगितलं असेल, हा खरा संशोधनाचा विषय, पण विज्ञानाच्या इतिहासकारांना संसाराचं काही पडलेलं नसतं.

आमच्याकडचे ॲप्रन पेटून नाहीसे होत नाहीत. ते वितळतात. सुती ॲप्रन रोज इस्त्री करायला लागतो, म्हणून पोरं टेरिकॉटचा घेतात. सूत जळतं आणि राख होतं. टेरिकॉटमधलं पॉलिएस्टर आच लागली की पातळ होऊन कातडीला चिकटतं आणि काढायला डॉक्टर लागतो. हे दरवर्षी जूनमध्ये सांगतो. मुलं मान डोलावतात. मग मुलांच्या आया दुकानात जातात आणि विचारतात, “मळखाऊ रंगात नाही का?”

ग्लोव्हजविषयी तर बोलायलाच नको. ग्लोव्हज घालणारा माणूस मनाने निर्धास्त होतो. मग तो त्याच ग्लोव्हजनी दाराची मूठ धरतो, मोबाइल उचलतो, नाक खाजवतो, सहकाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून “काय म्हणतेय तब्येत?” विचारतो. शेवटी ग्लोव्हज काढून स्वच्छ हाताने दाराची तीच मूठ धरून घरी जातो.

आता घरपणाशी संबंध नसलेली एक जात आहे, ‘बघू तर खरं’ म्हणणाऱ्यांची. फ्रान्समध्ये पिएर द्यूलाँने १८११च्या सुमारास नायट्रोजन ट्रायक्लोराइड नावाचं पिवळं तेलकट द्रव्य बनवलं. त्याच्या स्फोटात द्यूलाँचा एक डोळा गेला, बोटं गेली. ही बातमी अँपिअरने पत्रातून लंडनला रसायनज्ञ हम्फ्री डेव्हीला कळवली. पत्र वाचून डेव्हीने काय केलं? तेच द्रव्य बनवायला घेतलं. स्फोट झाला, डोळ्याला काच लागली. लिहिता येईना, म्हणून लिहून घ्यायला बुकबाइंडिंग शिकलेला एक तरुण काही दिवसांसाठी बोलावला. त्याचं नाव मायकेल फॅरेडे. पुढे १८१३ साली डेव्हीच्या मदतनीसाने मारामारी केली, त्याला काढलं, आणि फॅरेडेला कायमची नोकरी मिळाली. रुजू झाल्यावर पहिल्या काही कामांत काय होतं? नायट्रोजन ट्रायक्लोराइड. त्याच्या स्फोटांत फॅरेडेचेही हात भाजले. आमच्याकडे एक रिक्त पद भरायला रोस्टर, मंजुरी, जाहिरात आणि चार वर्षं लागतात. तिकडे एक डोळा आणि एक मारामारी पुरली, आणि माणूस मिळाला तो फॅरेडे.

घरगुती दुरुस्ती हा मात्र पुन्हा माझ्या मूळ तक्रारीचा भाग. अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात द्रव नायट्रोजनची एक जुनी टाकी होती. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांचा. एक लिटर उकळला की जवळजवळ सातशे लिटर वायू होतो. हा वायू बाहेर पडावा म्हणून टाकीला झडपा असतात. कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हचंच काम. त्या झडपा गळत असाव्यात. कुणीतरी कर्तव्यदक्ष माणसाने त्या काढल्या आणि तिथे पितळी बुचं घट्ट बसवली. गळणं थांबलं. टाकी निमूट उभी राहिली आणि आतल्या आत दाब वाढत गेला. जानेवारी २००६ मधल्या एका पहाटे तळ सुटला आणि टाकी रॉकेटसारखी उडून काँक्रीटचं छत फोडून वरच्या मजल्यावर गेली. पहाटेची वेळ, आत कुणी नव्हतं, म्हणून हे मी विनोदी लेखात लिहू शकतो. बुचं कुणी बसवली असतील याचा विचार केला की मला का कोण जाणे अमेरिकेतलेही एक मामा दिसतात, हातात पाना घेतलेले : “सर, गळतंय म्हणत होतात ना? केलं बघा बंद.”

सगळ्यांच्याच वाट्याला पहाटेची वेळ येत नाही. अमेरिकेतल्या लॉस अलामॉसच्या अणुबाँब-प्रयोगशाळेत १९४६च्या मे महिन्यात लुई स्लॉटिन हा पदार्थवैज्ञानिक प्लुटोनियमच्या गोळ्याभोवती बेरिलियमच्या दोन अर्धगोलांचं झाकण जवळ आणत होता. दोन्ही अर्धगोल पूर्ण मिटू नयेत म्हणून मध्ये आधार ठेवायचे असतात. स्लॉटिनने मध्ये धरला होता स्क्रूड्रायव्हर. हा प्रयोग त्याने पूर्वी अनेकदा असाच केला होता. त्या दिवशी स्क्रूड्रायव्हर सटकला. वरचं झाकण त्याने हाताने उडवलं, खोलीतले बाकीचे सात जण वाचले, तो किरणोत्सर्गाने नऊ दिवसांनी गेला. मामांचा तो “झालं काय काही?” हा प्रश्न स्लॉटिनच्या स्क्रूड्रायव्हरबाबतही आदल्या दिवसापर्यंत बिनतोड होता.

आणि एक उदाहरण असं आहे की ते आठवलं की माझी घरपणाची सगळी थिअरी गप्प बसते. कॅरन वेटरहान, अमेरिकेत डार्टमथ कॉलेजात प्राध्यापक, विषय विषारी धातू. म्हणजे याबाबत त्यांना शिकवणारं दुसरं कोणी नव्हतं. ऑगस्ट १९९६मध्ये डायमिथाइल मर्क्युरीचे एक-दोन थेंब त्यांच्या ग्लोव्हजवर पडले. फ्यूम हूड चालू होता, ग्लोव्हज घातलेले होते, सगळं रीतसर. जून १९९७मध्ये त्या पाऱ्याच्या विषबाधेने गेल्या. नंतर तपासलं तेव्हा कळलं की हे द्रव्य लॅटेक्सच्या ग्लोव्हजमधून पंधरा सेकंदांत आरपार जातं. तोपर्यंत हे फारसं कुणाला माहीत नव्हतं. आज त्या द्रव्यासाठी कोणते ग्लोव्हज चालतील हे तक्त्यात छापलेलं असतं, आणि तो तक्ता आम्ही कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने लावलेला असतो.

आमच्याकडे सुरक्षेची साधनं नाहीत असं कुणी म्हणू नये. सगळी आहेत. वाळूची लाल बादली आहे. तीत वाळू कमी आणि तंबाखूच्या पुड्या जास्त. प्रथमोपचार पेटी आहे. ती चोरीला जाऊ नये म्हणून कुलपात आहे, किल्ली हेडक्लार्ककडे आहे आणि हेडक्लार्क शनिवारी अर्धा दिवस असतात. फ्यूम हूड आहे. विषारी धूर बाहेर ओढून घ्यायला असलेल्या त्या काचेच्या कपाटात गेल्या वर्षीच्या जर्नल्सचे गठ्ठे आहेत, कारण तिथे उंदीर येत नाहीत. उंदीर का येत नाहीत, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

दरवर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन आणि ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन. हा क्रम ज्याने लावला तो जाणता माणूस असावा. विज्ञान दिनाला प्रदर्शनात एक तरी ज्वालामुखी असतोच. अमोनियम डायक्रोमेटचा नारिंगी ढीग, वर काडी लावली की ठिणग्या उसळतात आणि हिरवी राख चहूकडे उडते. प्रमुख पाहुणे वाकून बघतात, टाळ्या होतात. तो नारिंगी पदार्थ कर्करोगकारक आहे, राखेबरोबर त्याचे न जळलेले कणही उडतात, हे सांगायला गेलं की “मुलांचा हिरमोड नको” असं ठरतं. मग चार-पाच दिवसांनी त्याच हॉलमध्ये, तीच हिरवी राख झाडून, सगळे उभे राहून सुरक्षेची शपथ घेतात.

गेल्या तपासणीच्या वेळी तर आमच्या प्रयोगशाळेत आपत्कालीन शॉवर बसला. अंगावर ॲसिड सांडलं की साखळी ओढायची, वरून पाणी धो धो. याचं प्रमाण ठरलेलं आहे : मिनिटाला साधारण ७५ लिटर, सलग पंधरा मिनिटं. आणि एकदा साखळी ओढली की दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून झडप उघडीच राहते, मुद्दाम बंद करावी लागते. ही यंत्रणा समितीला दाखवायची होती. चालवून दाखवायची नव्हती. म्हणून खाली मोरीही केलेली नव्हती. निधी शॉवरच्या हेडमध्ये होता, मोरीचा हेड वेगळा.

समिती आली. चहा झाला, कँटीनचा. जर्नल्स काढून ठेवलेला फ्यूम हूड बघितला, किल्ली लावून ठेवलेली प्रथमोपचार पेटी बघितली. समितीतले एक ज्येष्ठ सदस्य शॉवरखाली थांबले, चष्मा वर केला आणि म्हणाले, “हा चालतो का हो?” आणि आमच्यापैकी कुणी तोंड उघडायच्या आत त्यांनी साखळी ओढली.

चालतो. फारच छान चालतो. सफारीसकट ते दोन सेकंदांत चिंब झाले. झडप बंद करायची कशी हे माहीत असलेला प्लंबर तालुक्याला गेला होता. पाणी प्रयोगशाळेतून व्हरांड्यात गेलं, व्हरांड्यातून जिन्यावर आणि जिन्यावरून खालच्या मजल्यावर लेखा विभागात, जिथे सात वर्षांच्या खरेदीच्या फायली जमिनीवर रचलेल्या होत्या. त्या फायलींमधल्या काही हिशेबांची लेखापरीक्षक बरेच महिने वाट बघत होते. लेखापालांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे समाधान होतं ते मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही बघितलं नव्हतं.

गच्चीवरची टाकी रिकामी झाली तेव्हा शॉवर आपोआप थांबला. अहवालात ‘आपत्कालीन व्यवस्था अत्यंत कार्यक्षम’ असा शेरा मिळाला आणि सुरक्षेच्या रकान्यात पैकीच्या पैकी गुण. मामांनी पोछा पिळता पिळता मला बाजूला घेतलं. “सर,” ते म्हणाले, “त्या साखळीला जरा वर गाठ मारून ठेवू का? म्हणजे कुणाचा हात पोचणार नाही.”